पाडावाची चिठ्ठी

वेल्ह्याच्या खोऱ्यात, राजगडाच्या पायथ्याशी माझे आजोळ आहे. तालुक्याचे नाव आता राजगड झाले, पण एस.टी.त बसणारी माणसे अजून ‘वेल्ह्याला चाललो’ असेच म्हणतात. दर खंडेनवमीला मामाच्या ओसरीवर पाट मांडला जातो. त्यावर विळा, कोयता, कुऱ्हाड, फाळ, अलीकडे टिलरचे पाने, आणि सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकवलेली एक ठासणीची बंदूक. तिला झेंडूची माळ घालतात. चाप मोडलेला, कान गंजाने बुजलेला, दस्त्याला तांब्याच्या तारेचे वेढे. नळीला एक पत्र्याची चिठ्ठी तारेने बांधलेली आहे. आजोबांनी ती साठ वर्षांपूर्वी कधीतरी तेलरंगाने रंगवली: ‘मोगलांकडून पाडाव. शिवकाल.’

गेल्या वर्षीच्या खंडेनवमीला पुण्याहून एक संग्राहक ओसरीवर आले. माणूस सभ्य, अभ्यासू. त्यांनी बंदूक हातात घेण्याआधी परवानगी मागितली, पादत्राणे पायरीखाली काढली. घासाघीस न करता त्यांनी किंमत सांगितली. मामाच्या घराच्या मागच्या पडवीचे पत्रे त्या किमतीत बदलून झाले असते. अट एकच होती. पत्र्यावरचा मजकूर कुणा जाणकाराच्या सहीने कागदावर हवा.

“तू एवढी शिकलीस,” मामा मला म्हणाला, “दोन वळी लिहून दे की. तुझ्या आज्यानं लिवलंय तेच लिहायचंय. त्ये काय खोटं हाय व्हय?”

गेली काही वर्षे मी भोर आणि वेल्ह्याच्या गावांतून घरोघरची शस्त्रे पाहत, मोजत, त्यांच्या नोंदी करत फिरते आहे. कारी, आंबवडे, शिंद, विंझर, गुंजवणे. जिथे ओळख निघाली तिथे गेले. इतरांच्या घरी तलवारीबद्दल ऐकलेली कथा मी तशीच लिहून घेते आणि मनात तिच्यापुढे प्रश्नचिन्ह काढते. या वेळी प्रश्नचिन्ह काढण्याची पाळी माझ्या आजोबांच्या अक्षरापुढे आली, आणि त्या प्रश्नचिन्हाला किंमतही होती. मी मामाला दिवाळीपर्यंतची मुदत मागितली. त्या मुदतीत जे वाचले, पडताळले आणि सुचले ते या लेखात मांडते आहे.

विषय एका वाक्यात सांगायचा तर असा: पाडाव केलेल्या वस्तूला जी चिठ्ठी लावली जाते, ती चिठ्ठी हा एक वाङ्मयप्रकार आहे आणि त्याची समीक्षा आपण करत नाही. वस्तू खरी की खोटी एवढाच वाद घालतो. चिठ्ठी कुणी लिहिली, कोणत्या हातांची नावे गाळली आणि कोणत्या शब्दाने सगळे झाकले, हे विचारत नाही.

शब्दांची वर्गवारी

आधी शब्द पाहू. मराठीत शत्रूकडून आलेल्या वस्तूला नावे भरपूर आहेत: लूट, पाडाव, खंडणी, जप्ती, मुद्देमाल, नजराणा. प्रत्येकात एक निवाडा दडलेला आहे. ‘लूट’ म्हणताना घेणाऱ्याच्या हक्काविषयी शंका असते. ‘पाडाव’ म्हणताना युद्ध गृहीत धरलेले असते, म्हणजे समोर शत्रू होता आणि तो बरोबरीचा होता. ‘मुद्देमाल’ म्हटले की समोरचा शत्रू उरत नाही, गुन्हेगार होतो. एकच तलवार एका सकाळी तिन्ही नावांनी ओळखली जाऊ शकते.

शिवकालीन राज्याला या शब्दांचे महत्त्व कळत होते. मुलुखगिरीवर निघणाऱ्या शिपायाच्या चीजवस्तूंची आधी यादी होई आणि परत आल्यावर झडती. जास्त निघेल ते सरकारात जमा, नाहीतर पगारातून वळते, असा बंदोबस्त सभासदाने बखरीत सांगितला आहे. अफजलखानाच्या छावणीतून काय आले हे सांगतानाही तो आकडे देतो: हत्ती ६५, घोडे ४०००, उंट १२००. बखरीतल्या आकड्यांवर किती विसंबायचे हा वेगळा प्रश्न. पण पाडाव ही मोजून सरकारजमा करायची गोष्ट आहे ही दृष्टी त्यात स्पष्ट आहे. घरात भिंतीवर टांगायची ‘आठवण’ ही कल्पना त्या यादीत कुठे बसत नाही. शिवकालात जिंकलेले शस्त्र शिपायाने घरी आणले आणि ते तसेच वंशात राहिले, ही घरोघरी ऐकू येणारी कथा या बंदोबस्ताशी ताडून पाहावी लागते.

पुढच्या काळात हाच प्रश्न कोर्टात गेला. १८१८ च्या जुलैमध्ये, बाजीरावाने शरणागती पत्करल्यानंतर, रायगडचे किल्लेदार राहिलेले नारो गोविंद औटी यांच्याकडचा पैसा इंग्रजांनी पुण्यात ताब्यात घेतला. तो पेशव्यांचा खजिना म्हणून युद्धातला पाडाव, असे इंग्रजांचे म्हणणे. पुण्यात तेव्हा शांतता होती, तेव्हा ही खाजगी मालमत्तेची जप्ती, असे औट्यांच्या बाजूचे म्हणणे. मुंबईच्या न्यायालयाने औट्यांच्या बाजूने निकाल दिला. १८३० साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला: ही युद्धातली कृती आहे, तिच्यात दिवाणी कोर्टाला हात घालता येणार नाही. खटला पैशाचा होता, पण निकाल एका शब्दाचा होता. युद्ध संपले कधी, हे ज्याला ठरवता येते त्याला वस्तूचे नावही ठरवता येते.

बंडाच्या बंदोबस्तात, म्हणजे सरकार आणि डोंगरात शिरलेले बंडखोर यांच्या झगड्यात, ही अडचण कायमची असते. सरकार त्याला युद्ध म्हणायला तयार नसते आणि बंडखोर दुसरे काही म्हणायला तयार नसतो. त्यामुळे अशा झगड्यातून उरलेल्या वस्तूवर जी चिठ्ठी लागते ती पहिल्याच शब्दात बाजू घेते.

दोन प्रसिद्ध चिठ्ठ्या

आपल्याकडची सर्वांत गाजलेली चिठ्ठी वाघनखांच्या पेटीवरची. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली ही वाघनखे २०२४ च्या जुलैपासून साताऱ्याच्या संग्रहालयात मुदतीने आली. ती पाहायला रांगा लागल्या. साताऱ्यात रेसिडेंट असलेल्या जेम्स ग्रँट डफला ती मिळाली, पुढे त्याच्या वंशजांकडून संग्रहालयाला गेली. बरोबरच्या पेटीवरच्या इंग्रजी मजकुराचा आशय असा: ज्यांनी शिवाजीने मोगल सेनापतीला मारले ती ही नखे, पेशव्याच्या प्रधानाने ग्रँट डफला दिली.

मजकूर वाचून पाहा. अफजलखान मोगलांचा नव्हता, विजापूरच्या आदिलशाहीचा होता. ‘पेशव्याचा प्रधान’ हीही जरा विचित्रच पदवी, कारण पेशवा हाच प्रधान. एवढ्या छोट्या मजकुरात दोन घसरणी. ग्रँट डफ १८१८ ते १८२२ साताऱ्यात होता आणि त्याने मराठ्यांचा तीन खंडांचा इतिहास लिहिला. त्याला अफजलखान कुणाचा हे माहीत होते. तेव्हा मजकूर त्याच्या हातचा असेल की नंतरच्या कुणाच्या, असा प्रश्न या चुकांमुळेच उभा राहतो. चिठ्ठीतली चूक नेहमी चिठ्ठी लिहिणाऱ्याचा पत्ता सांगते. हीच ती नखे हे सिद्ध करता येत नाही, असे संग्रहालयाने स्वतः सांगून ठेवले आहे. आपल्याकडे त्यावर जो वाद झाला तो ‘खरी’ आणि ‘खोटी’ या दोन शब्दांत झाला. देणाऱ्याने का दिली, राज्य नुकतेच गेलेल्या माणसाने नव्या अंमलदाराला शिवाजी महाराजांचे नाव सांगून एखादी वस्तू देणे म्हणजे काय, हा खरा विचार करण्याजोगा प्रश्न बाजूलाच राहिला.

दुसरी चिठ्ठी ताजी आहे. नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावात निघाली, महाराष्ट्र सरकारने ती सुमारे ४७ लाख रुपये खर्चून घेतली, आणि गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. पाते युरोपीय घडणीचे आहे. त्यावर देवनागरीत राघोजींचे नाव, सेनासाहेबसुभा हा हुद्दा आणि ‘फिरंग’ हा शब्द सोन्याने कोरलेला आहे. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर झालेल्या लुटीत ती गेली असावी, असा तर्क तेव्हा मांडला गेला. तर्क संभाव्य आहे, मी तो नाकारत नाही. पण वर्तमानपत्रांतून ‘असावी’ हा शब्द दोन दिवसांत गळाला आणि ‘लुटून नेलेली तलवार परत आली’ एवढे उरले. वाचकापर्यंत पोहोचली ती दोन टोके, नागपूर आणि लंडन. मधले हात कुणी मोजले नाहीत. पात्याच्या मुळाशी असलेला तिसरा हात तर कुणाच्याच मथळ्यात आला नाही: युरोपात ओतलेले, बंदरात विकलेले आणि इथे मूठ चढवलेले पाते.

भोर-वेल्ह्यात मला हा तिसरा हात रोज भेटतो. घरोघरच्या सरळ पात्याच्या तलवारींना लोक ‘फिरंग’ म्हणतात आणि ‘फिरंग्याकडून जिंकलेली’ अशी तिची कथा सांगतात. काहींच्या पात्यावर पापणीसारख्या दोन कमानी आणि दातेऱ्या खुणा असतात. ही जिनोव्याच्या पात्यांवरची खूण. ती इतकी नावाजली की पूर्वेकडच्या लोहारांनी आपल्याही पात्यांवर ठोकायला सुरुवात केली. म्हणजे खूण असलेले पाते आयात केलेले असू शकते किंवा नक्कल असू शकते. दोन्ही प्रकारांत ते बाजारातून आलेले असण्याचीच शक्यता मोठी. पण ‘विकत घेतली’ असे सांगणारे एकही घर मला अजून भेटलेले नाही. शस्त्राच्या कथेतून बाजार सगळ्यात आधी हद्दपार होतो.

उत्रोळीची रात्र आणि तिच्यानंतरचे पुस्तक

आता मामाच्या बंदुकीकडे वळते. मोगल या खोऱ्यात आलेच नव्हते असे नाही. १७०४ साली औरंगजेबाने राजगड आणि तोरणा दोन्ही घेतले, राजगडाचे नाव नबीशाहगड ठेवले आणि तोरण्याचे फुतूहुल्गैब. तेव्हा ‘मोगलांकडून’ हे आजोबांचे शब्द हवेतून आलेले नव्हते. पण बंदूक त्यांना साथ देत नाही. मोगलांचा बंदूकची तोड्याची बंदूक वापरे, जळती जामगी बारुदीला टेकवायची. मामाची बंदूक चकमकीच्या चापाची आहे. चापाची पट्टी मी लिंबाच्या फोडीने आणि जुन्या टूथब्रशने हळूहळू साफ केली तेव्हा गंजाखालून एक उभा सिंह दिसला, पंजात मुकुट धरलेला. ही ईस्ट इंडिया कंपनीची खूण. त्याआधी कंपनी आपल्या शस्त्रांवर बदामाच्या आकारातली अक्षरे उमटवत असे. सिंह आला तो १८०८ च्या सुमारास. कंपनीच्या पायदळी बंदुकीची नळी ३९ इंचांची असे. मामाच्या बंदुकीची भरली २८ इंच, आणि टोक करवतीने कापल्यासारखे सपाट आहे. डोंगरातल्या माणसाने ती आपल्या सोयीने आखूड केली असावी.

म्हणजे ही बंदूक एकोणिसाव्या शतकातली, कंपनीच्या कोठीतली. ती इथे कशी आली? माझ्या आईच्या आजीला मी लहानपणी पाहिले आहे. ती या बंदुकीला ‘बंडातली’ म्हणायची. आजोबांची पाटी आणि पणजीचा शब्द, दोन्ही एकाच घरात होते. शाळेत शिकलेल्या आजोबांनी पणजीच्या शब्दाला आपल्या पुस्तकातला सर्वांत मोठा अर्थ दिला.

या भागात ‘बंड’ म्हटले की उमाजी नाईक. पुरंदरच्या पायथ्याच्या भिवडीचा हा रामोशी. गड राखणे आणि गावाची राखण करणे हे रामोश्यांचे पिढीजात काम होते, पेशवाई गेल्यावर ते आणि त्याबरोबरचे हक्क गेले. उमाजीने कंपनीशी झगडा मांडला, मध्यंतरी तडजोड होऊन तो काही काळ तिच्याच चाकरीत राहिला आणि पुन्हा डोंगरात गेला. त्याच्या डोक्यावर मोठे इनाम लागले. १५ डिसेंबर १८३१ रोजी जुन्या साथीदारांच्या फितुरीमुळे तो भोरजवळच्या उत्रोळीत पकडला गेला, आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्याला फाशी झाली.

या बंदोबस्तात असलेल्या कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉशने १८३३ साली मुंबईत रामोश्यांवर एक पुस्तक छापले. त्यांच्या चालीरीती, त्यांची गुप्त बोली, त्यांच्या टोळ्यांची रचना आणि उमाजीची विस्तृत हकिकत त्यात आहे. उमाजीच्या चरित्राला आजही हा मोठा आधार मानला जातो. पुस्तक चांगले आहे आणि लेखक नजर असलेला आहे. उमाजीच्या धाडसाचे त्याला कौतुकही वाटते. पण समीक्षकाने हे विसरू नये की हे पुस्तक हाही पाडाव आहे. बंडखोराची बोली, वाटा, नातीगोती टिपून घेणे हा बंदोबस्ताचाच भाग होता. तीच पद्धत पुढे १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांच्या बाबतीत दिसते. त्यांची हस्तगत केलेली रोजनिशी त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरली गेली. आज आपण उमाजीला आद्यक्रांतिकारक म्हणून मान देतो, आणि त्याचा चेहरा पाहायला पुन्हा मॅकिंटॉशच्या पानांकडेच जातो. पकडणाऱ्याने लिहिलेल्या चिठ्ठीवरचे विशेषण आपण बदलले, बाकी मजकूर तसाच ठेवला.

तर मामाची बंदूक उमाजीच्या बंडातली असेल का? असू शकते. कंपनीच्या शिपायाकडून बंडखोराने हिसकावली, नळी आखूड केली आणि नंतर बंडखोराकडून कुणा पाटलाने, सिबंदीच्या शिपायाने किंवा खबऱ्याने घेतली, असा प्रवास जुळतो. तेवढाच जुळणारा दुसरा प्रवास असा की ती कधीही बंडखोराच्या हाती गेली नाही. मोडकळीला आलेली बंदूक कुणीतरी शिकारीसाठी घेतली, डुकरे हाकायला वापरली, आणि ‘बंड’ हा शब्द पुढे तिला येऊन चिकटला.

पहिला प्रवास खरा धरला तर एक अवघड प्रश्न आमच्या ओसरीवर येतो. ती बंदूक आमच्या घरात कोणत्या बाजूने आली? बंडखोराच्या बाजूने, की त्याला धरून देणाऱ्यांच्या? आजोबांच्या पाटीने हा प्रश्न विचारायची गरजच ठेवली नव्हती. मोगलांकडून घेतलेल्या बंदुकीत घरच्यांची बाजू ठरलेली असते. १८३१ साली घेतलेल्या बंदुकीत ती ठरलेली नाही. शिवकालाकडे धाव घेण्यात निव्वळ अभिमान नसतो. जवळच्या इतिहासापासून सुटकाही असते.

टेबलावरच्या रायफली

मी या विचारात असतानाच, खंडेनवमीनंतर दोन आठवड्यांनी, १५ ऑक्टोबर २०२५ ला गडचिरोलीत माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता भूपती याने साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शरणागती पत्करली. त्यांनी ५४ शस्त्रे खाली ठेवली. त्यांत ७ एके-४७ होत्या आणि ९ इन्सास. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातले छायाचित्र मी कापून वहीत लावले आहे.

गडचिरोलीच्या बातम्यांत ‘भरमार’ हा शब्द अनेकदा येतो. भरमार म्हणजे ठासणीची गावठी बंदूक, मामाच्या बंदुकीची आजची भावंडे. ती जंगलातल्या घरात शिकारीसाठी असते, मग दलमच्या हाती जाते, मग पोलिसांच्या यादीत येते. इन्सासचा प्रवास उलटा. ती सरकारी आयुध निर्माणीत बनते आणि सुरक्षादलांना दिली जाते. बंडखोराच्या हाती ती दिसली की आधी ती एखाद्या जवानाकडून किंवा शस्त्रागारातून गेलेली असते. ओडिशात २००४ साली कोरापुटला आणि २००८ साली नयागढला माओवाद्यांनी पोलिसांची शस्त्रागारेच लुटली. गडचिरोलीतही चकमकीत मारल्या गेलेल्या पोलिसांची शस्त्रे नेली गेली. म्हणून शरणागतीच्या यादीतल्या इन्सासला ‘जप्त’ म्हणणे अपुरे आहे. ती परत आलेली आहे, आणि जाताना तिच्याबरोबर कुणाचा तरी जीव गेलेला असू शकतो. तिच्यावर क्रमांक असतो. तो क्रमांक जुन्या नोंदवहीशी जुळवला तर कोणत्या ठाण्यातून, कुणाच्या हातून ती गेली हे निघू शकते. बातमीखालच्या ओळीत मात्र प्रकार आणि संख्या एवढेच येते.

ही गनिमी झगड्यातल्या शस्त्रांची खासियत आहे. दोन राजांच्या लढाईत शस्त्र एकदा इकडून तिकडे जाते. डोंगरातल्या झगड्यात ते जात-येत राहते, कारण बंडखोराचा कारखाना म्हणजे सरकारचीच कोठी. तेव्हा ‘अमुकाकडून पाडाव’ ही एका हाताची चिठ्ठी अशा वस्तूला पुरणारच नाही. तिथे निदान तीन हात लिहावे लागतात: कुणी घडवली, कुणी नेली, कुणी परत आणली.

जगभरच्या संग्राहकांच्या बाजारातही हीच एका हाताची चिठ्ठी चालते. व्हिएतनाममध्ये गनिमांकडून मिळालेले चिनी बनावटीचे छातीवर बांधायचे काडतुसांचे पट्टे आज चांगल्या किमतीला विकले जातात. काही अमेरिकी तुकड्यांनी तर ते लढाईत स्वतःच वापरले. अमेरिकी सैनिकाला शत्रूची वस्तू घरी न्यायची तर वरिष्ठाच्या सहीचा कागद लागे. तो कागद वस्तूबरोबर टिकला असेल तर किंमत चढते. त्यावर नेणाऱ्याचे नाव असते, हुद्दा असतो, वस्तूचा क्रमांक असतो. ज्याच्या अंगावरून ती काढली त्याच्यासाठी त्यात रकाना नसतो. मामाकडे आलेल्या संग्राहकांना माझ्याकडून हाच कागद हवा होता.

मी संग्राहकांच्या विरोधात नाही. सरकारी संग्रहालयांनी ज्यांच्याकडे पाहिले नाही अशा कितीतरी वस्तू खाजगी माणसांनी वाचवल्या आहेत, पुण्याचे केळकर संग्रहालय एका माणसाच्या छंदातूनच उभे राहिले. शस्त्रकायद्यानेही इथे शहाणपण दाखवले आहे. जुन्या घडणीचे, दुरुस्त करूनही बार उडवता येणार नाही असे हत्यार कायद्याच्या ४५व्या कलमाने वगळले, म्हणून मामाची बंदूक ओसरीवर बसू शकते. माझे म्हणणे एवढेच की संग्राहक वस्तूला जपतो तेव्हा तिच्याबद्दलच्या शंकेलाही जपायला हवे. वस्तू घासून लखलखीत केली की तिच्यावरच्या खुणा जातात हे प्रत्येक संग्राहकाला ठाऊक असते. चिठ्ठीच्या बाबतीतही तसेच होते.

मी लिहून दिलेल्या ओळी

दिवाळीच्या पाडव्याला मी मामाकडे गेले आणि कागद दिला. त्यातला मजकूर असा:

‘चकमकीच्या चापाची, ठासणीची बंदूक. चापाच्या पट्टीवर ईस्ट इंडिया कंपनीचा मुकुटधारी सिंह, म्हणून १८०८ च्या सुमारानंतरची. नळी मूळची लांब, नंतर कापून २८ इंच केलेली. दस्ता तांब्याच्या तारेने सांधलेला, काम स्थानिक. घरातल्या एका वृद्ध स्त्रीच्या तोंडी ‘बंडातली’ असा उल्लेख. घरातल्या पत्र्याच्या पाटीवर ‘मोगलांकडून पाडाव, शिवकाल’ असा मजकूर, पाटी सुमारे १९६० ची. बंदुकीच्या घडणीवरून पाटीतला काळ जुळत नाही. घरात ती कुणाकडून व कशी आली याचा कागद नाही.’

मामाने कागद दोनदा वाचला. “म्हंजी आपली न्हाईच म्हणतीस?”

“आपलीच आहे मामा. दीडशे वर्षं तरी तुमच्याच घरात आहे ती.”

“पर कुणाकडनं घेतली?”

“ते माहीत नाही असंच लिहिलंय.”

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “उमाजीच्या मानसाकडनं घेतली आसंल तर? का आमीच उमाजीची मानसं व्हतो?” हा प्रश्न मी त्याच्यापुढे मांडलेला नव्हता. कागदातही नव्हता. ‘मोगल’ हा शब्द पाटीवरून खाली येताच तो त्याचा त्यालाच सुचला.

संग्राहकांना कागदाची प्रत पाठवली. त्यांनी नम्रपणे कळवले की वस्तू चांगली आहे, पण त्यांच्या संग्रहाचा विषय शिवकाल असल्यामुळे ती तूर्त घेता येणार नाही. त्यांनी फसवायचा प्रयत्न केला नव्हता, आणि मीही त्यांना दोष देत नाही. पडवीचे पत्रे मामाने पतसंस्थेचे कर्ज काढून उन्हाळ्यात बदलले. हप्ता अजून चालू आहे. मामी माझ्याशी आधीपेक्षा जरा कमी बोलते.

आजोबांची पाटी काढून टाकावी असे मी सुचवले नव्हते, आणि काढूही नये असे मला वाटते. साठ वर्षांपूर्वी या खोऱ्यातल्या एका शेतकऱ्याला आपल्या घरातली गंजकी बंदूक कोणत्या काळाशी जोडावीशी वाटली, याचा तो अस्सल पुरावा आहे. तोही एक हातच. मामाने यातून आपला मार्ग काढला. या खंडेनवमीला मी गेले तेव्हा पाटी पालथी करून माझ्यापुढे ठेवली होती, शेजारी पांढऱ्या रंगाची डबी आणि बारीक ब्रश. पुढच्या बाजूला आजोबांचे अक्षर तसेच ठेवायचे, मागच्या बाजूला माझे लिहायचे, असे त्याने ठरवले होते. मजकूर पत्र्यावर मावण्यासाठी मला तो आणखी कमी करावा लागला. ‘कंपनीची बंदूक. नळी कापलेली. बंडातली म्हणतात.’ एवढे लिहिले आणि वाळायला उन्हात ठेवले. पूजा झाल्यावर मामाने पाटी पुन्हा तारेने बांधली. कोणती बाजू वर ठेवायची ते त्याने मला विचारले नाही, आणि मीही पाहिले नाही.